उटण्याच्या तीन पुड्या

१

हेमलताच्या पोटावर कुणीतरी पाय दिला होता, आणि तो कुणाचा हे शोधायचं काम भल्या सकाळी कुमुदताईंच्या दारात येऊन बसलं.

बसलं म्हणजे खरंच बसलं. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या त्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात पाठीवरची भलीमोठी बॅग उतरवून हेमलता हमसून हमसून रडत होती. कुमुदताई दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या आणि पिशवी राहिली बाजूला.

"अगं बाई, झालं काय? आत ये आधी. सगळी कॉलनी बघतेय."

"काकू, आयडी बंद केला माझा. परमनंट."

आयडी बंद होणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्यानं आपलं नशीब थोर समजावं. हेमलता मूळची वर्ध्याची, लग्न होऊन दिल्लीत आली, मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहायची. एका ॲपवरून बोलावणं आलं की घरोघरी जाऊन फेशियल, मालिश करायची. कंपनी तिला नोकर म्हणत नसे. छे, छे! ती 'पार्टनर'. ट्रेनिंगच्या दिवशी गळ्यात हार घालून सांगितलं होतं, आजपासून तुम्ही उद्योजिका, स्वतःच्या मालकीण. आता या मालकिणीला पगार नाही, रजा नाही, आजारी पडायची सोय नाही. स्कूटी तिची, पेट्रोल तिचं, साहित्य मात्र कंपनीकडूनच विकत घ्यायचं. आणि गिऱ्हाइकाचा फोन नंबर? तो कंपनी तिला दाखवतसुद्धा नसे. पार्लरमधली बांधलेली नोकरी सोडून बिचारी या मालकीपणाला भुलली होती.

"परवाच गिऱ्हाइकांनी दिलेले तारे वाढले होते हो माझे," हेमलता नाक पुसत म्हणाली. "चार पॉइंट आठचे नऊ झाले. मी पेढे आणले. आणि काल उठून बघते तर हे." तिनं फोन पुढं केला. वर लाल पट्टी, खाली ते नऊ तसंच चमकत होतं.

कुमुदताईंनी चष्मा लावला. कुमुद नाडकर्णी म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. मंत्रालयाच्या दक्षता शाखेत त्यांची उभी हयात गेली. निनावी अर्ज कुणी केला हे त्या नुसत्या वासावरून सांगतात, अशी ऑफिसात ख्याती. निवृत्त होऊन मुलाकडे, जयदीपकडे राहायला आल्या तरी खोड गेली नव्हती. कॉलनीत कुणाची कुंडी हरवली तरी लोक त्यांच्याकडे यायचे.

आणि हेमलतावर त्यांचा जीव होता. खांदा धरला की तीच लागायची. परवाच कंपनीतून कुणा पोरीचा फोन आला, सर्व्हिस कशी वाटली म्हणून, तर कुमुदताईंनी कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या तरी हेमलताचे गोडवे थांबवले नव्हते. सूनबाई रेवतीला शेवटी गॅस बंद करावा लागला.

"कारण काय दिलं?" त्यांनी विचारलं.

"मी तशीच गुरुग्रामला ऑफिसात गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुम्ही कंपनीची सीलबंद पाकिटं सोडून गिऱ्हाइकाच्या अंगाला घरचं काहीबाही चोळता. गिऱ्हाइकानं स्वतः सांगितलंय. नाव नाही सांगत. पण म्हणाली, त्या गिऱ्हाइकानं शनिवारपर्यंत फोन करून तक्रार मागे घेतली तर आयडी उघडेल. नाहीतर संपलं. काकू, पुढचे दोन महिने लग्नं आहेत. यावरच माझं वर्ष निघतं."

घरचं काहीबाही! म्हणजे उटणं. कुमुदताईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. ते उटणं करायला लावलं होतं कुणी? त्यांनीच. दिवाळीच्या आधी त्याच म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्या त्या पाकिटांना नुसता सेंटचा वास. आपल्याकडचं उटणं कुठं मिळत नाही गं इथं." आणि या वेड्या पोरीनं नागरमोथा, आंबेहळद, वाळा, संत्र्याची साल असलं काय काय जमवून घरी कुटून आणलं होतं. वर दिवाळीची भेट म्हणून दिलं होतं.

"माझंच चुकलं बाई," त्या पुटपुटल्या. "पण मी निस्तरते. सांग, उटणं किती घरी दिलंस? तुझी ती शेजारीण आहे ना, रसिका, तीही याच कामात आहे."

"रसिकाला नाही दिलं. तिला माहीतसुद्धा नाही. तीनच पुड्या केल्या होत्या. एक खाली नीलाकाकूंना, एक सरोजिनी नगरच्या देवयानीताईला आणि एक तुम्हाला."

"मला सोड," कुमुदताई म्हणाल्या. "राहिल्या दोघी."

२

दक्षता शाखेत शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे आधी चहा, मग प्रश्न. पण खालच्या मजल्यावर नीलानं दार उघडलं आणि कुमुदताई चहा विसरल्या. नीलाची मान लालेलाल झालेली.

"हे काय गं?"

"विचारू नका कुमुदताई. दिवाळीपासून खाजतेय. आधी ते उटणं लावलं, मग फटाक्यांचा धूर, मग हे प्रदूषण. आता कशाला दोष देणार?"

नीलाचा नवरा विश्वनाथ मोठ्या हुद्द्यावर, आणि नीलाचा स्वभाव त्याहून दोन पायऱ्या वर. दसऱ्याला भुवया बारीक झाल्या म्हणून तिनं हेमलताला जिन्यात उभं करून झापलं होतं, ते अख्ख्या ब्लॉकनं ऐकलं होतं. कुमुदताईंच्या डोक्यात फाइल आपोआप तयार होऊ लागली. जुनं भांडण आहे. उटणं लावलंय. मान लाल आहे. आणखी काय पाहिजे?

"नीला, खरं सांग. कंपनीला तू कळवलंस ना?"

नीलाचा कप ओठापाशी थांबला. "कळवलं असतं तर काय चुकलं असतं?"

"गरिबाचं काम गेलं, हे चुकलं."

"वा! माझी मान गेली त्याचं काही नाही. तुम्ही चौकशी करायला आलात की निकाल सांगायला?"

कुमुदताई उठल्या. सरळ 'नाही' असं ती म्हणाली नव्हती. तीस वर्षांच्या नोकरीत सरळ नाही न म्हणणारा माणूस त्यांना कधी निर्दोष सापडला नव्हता. जिना चढताना मात्र जरा चुकल्यासारखं वाटलं. नीला तोंडाळ होती, पण जयदीपच्या आजारपणात त्याला दवाखान्यात घेऊन धावलीही तीच होती. पण जाऊ दे! गुन्हा तो गुन्हा.

वर हेमलता वाट बघत होती. "कळलं का काकू?"

त्यांनी सांगायला नको होतं. आधी देवयानीकडे जायचं, मगच बोलायचं, हा नियम त्यांनी स्वतः किती कनिष्ठांना शिकवला होता. पण त्या रडवेल्या तोंडाकडे बघून जीभ सुटली. "नीलाच आहे. मी तिला फोन करायला लावते, तू काळजी करू नकोस."

हेमलता काळजी करत बसली नाही. ती धाडधाड जिना उतरली. खालून आवाज आला, "तुमच्या मानेपायी माझा गळा कापलात होय हो नीलाकाकू? माझ्या पोरीच्या तोंडचा घास काढलात!"

दारं उघडली. माना बाहेर आल्या. कधी नव्हे ते हेमलता कडाकडा बोलली आणि कधी नव्हे ते नीला एक अक्षर बोलली नाही. तिनं दार लावून घेतलं. संध्याकाळी भिशीच्या बायकांनी पार्कात नीलाला बघून वाट बदलली, असं रेवती ऑफिसातून येता येता बघून आली.

"आई, तुम्हाला पक्कं माहीत आहे ना?" तिनं विचारलं.

"शंभर टक्के," कुमुदताई म्हणाल्या. पण जेवण गेलं नाही त्यांना.

३

दुसऱ्या दिवशी केवळ फाइल पुरी व्हावी म्हणून त्या देवयानीकडे गेल्या. देवयानी आयटीत, त्या दिवशी घरून काम करत होती. कानावरचा हेडफोन काढून तिनं खुर्ची दिली. आई-वडील पुण्याचे, पण ही जन्मापासून दिल्लीत वाढलेली.

"देवयानी, हेमलतानं तुला दिवाळीत उटणं दिलं होतं ना?"

"काय दिलं होतं?"

"उटणं गं. पुडी. पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली."

"अच्छा, तो मसाला!" देवयानीनं कपाळावर हात मारला. "काकू, यार, सॉरी, पण तिला सांगू नका. मी तो छोल्यांत टाकला. इतका कडू! विक्रांत म्हणाला, ही महाराष्ट्रीयन रेसिपी आहे का? अख्खा कुकर फेकला आम्ही."

कुमुदताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. उटण्याचे छोले! नरकचतुर्दशीला अंगाला लावायचं असतं ते, हे समजावलं तर पोरगी म्हणाली, "बिल्कुल माहीत नव्हतं. आई सांगायची काहीतरी, मी ऐकायची नाही."

म्हणजे ही सुटली. जिला ती वस्तू अंगाला लावायची असते हेच ठाऊक नाही, ती 'अंगाला चोळली' म्हणून तक्रार काय करणार? उरली नीला एकटी. सरोजिनी नगरच्या बाजारातल्या कपड्यांच्या ढिगांमधून वाट काढत कुमुदताई समाधानानं घरी निघाल्या.

नीला जिन्यातच उभी होती. डोळे सुजलेले, हातात फोन.

"हे बघा," तिनं फोन त्यांच्या नाकासमोर धरला. "रविवारी माझ्या भाचीचा साखरपुडा. सहा बायकांचं काम. हेमलताचं नाव घालून महिन्यापूर्वी बुक केलंय. आज दुसरीच कुणीतरी येणार म्हणून मेसेज आलाय. मी तिचं काम बंद पाडून माझ्याच पायावर धोंडा मारून घेऊ?"

"मग काल सरळ नाही का म्हणाली नाहीस?"

"का म्हणू? तुम्ही ठरवूनच आला होतात. राग आला मला. आणि त्या पोरीनं काय सांगितलं काल ओरडून? गिऱ्हाइकाच्या अंगाला घरचं चोळलं म्हणे. अहो, मला तिनं पुडी हातात दिली आणि गेली. मी माझ्या हातानं लावलं. माझ्या अंगाला तिनं बोटसुद्धा लावलं नाही. जिच्या अंगाला चोळलं तिला जाऊन विचारा ना!"

दार आपटलं. कुमुदताई कठडा धरून उभ्या राहिल्या.

जिच्या अंगाला चोळलं.

पुड्या तीन होत्या. एक छोल्यांत गेली. एक नीलानं स्वतः लावली. हेमलतानं आपल्या हातानं उटणं चोळलं ते फक्त एकाच घरात, एकाच खांद्याला. तो खांदा आत्ता या कठड्याला टेकून ठणकत होता.

आणि ते तारे! तक्रार झाली असती तर तारे घसरले असते. हिचे वाढले. म्हणजे ज्या गिऱ्हाइकानं कंपनीला उटण्याचं सांगितलं, त्यानंच तारेही दिले. हेमलतानं सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि आपण नुसता चष्मा पुसत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

कुकरच्या शिट्ट्या. फोनवरची ती गोड आवाजाची पोरगी. आणि आपण काय म्हणालो होतो? त्यांना शब्द न् शब्द आठवला.

४

"अहो, हेमलतासारखी मुलगी शोधून सापडायची नाही! माझ्या खांद्यासाठी तिनं घरी उटणं कुटून आणलं, स्वतःच्या हातानं चोळून दिलं. तुमच्या त्या पाकिटांपेक्षा शंभर पटींनी चांगलं. हे तिच्या नावावर नीट नोंदवून घ्या हं!"

नोंदवून घ्या! उभा जन्म सरकारी नोकरी केलेली बाई दुसरं काय म्हणणार? त्यांच्या ऑफिसात चांगला शेरा सर्व्हिस बुकात चढावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट बघत. शेरा चढला की बढती जवळ आली. कुमुदताईंना वाटलं होतं, आपण पोरीला बढती मिळवून देतोय.

त्यांनी खोलीचं दार लावलं आणि कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळानं हरीश नावाचा कुणी मुलगा बोलला. त्यांनी सगळं सांगितलं. ते गिऱ्हाईक मीच, माझं बोलणं मी मागे घेते, तिचा आयडी उघडा.

पलीकडे टकटक ऐकू आली. मग तो म्हणाला, "मॅडम, कम्प्लेंट होती तो वापस हो जाती. आपने तो तारीफ की है. तारीफ वापस लेने का ऑप्शन नहीं है."

"तो लिखिए, मैंने झूठ बोला था. कोई उबटन नहीं था."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटी साक्ष दिली. आणि तीही वाया गेली.

"रिकॉर्डिंग है, मॅडम," हरीश मवाळपणे म्हणाला. "आप बहुत खुश लग रही थीं."

फोन ठेवून दार उघडलं तेव्हा बाहेर रेवती उभी होती. "आई, काही लागला का शोध?"

"नाही," कुमुदताई म्हणाल्या.

किती सोपं होतं! तक्रारदाराचं नाव कंपनी सांगणार नव्हती. नीला आज ना उद्या शांत झाली असती. पुराव्याअभावी बंद, असा शेरा त्यांनी शेकडो फाइलींवर मारला होता, ही आणखी एक. तेवढ्यात हेमलताचा मेसेज आला. 'काकू, या शहरात माझ्यासाठी इतकं धावणारं तुमच्याशिवाय कुणी नाही.' कुमुदताईंनी फोन पालथा ठेवला. त्यांना स्वतःची किळस आली. पोरीचं काम त्यांच्या जिभेनं गेलं होतं, नीलाची अब्रू त्यांच्या जिभेनं गेली होती, आणि आता नेमकी तीच जीभ दातांमागे दडून बसली होती. आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला! उभी हयात दुसऱ्यांचे जबाब घेतले, स्वतःचा द्यायची वेळ आली तर 'नाही' म्हणून मोकळ्या झाल्या.

५

सकाळी त्या आधी खाली गेल्या. "नीला, तो शोध लागला. मी होते. भिशीच्या बायकांना मी स्वतः सांगते," एवढंच दारात उभं राहून म्हणाल्या. नीलानं त्यांच्याकडे बघितलं. शिव्या तयार असणार, पण दिल्या नाहीत. "चहा नाही विचारत आज," ती म्हणाली आणि दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग रिक्षा करून मुनिरका. गल्ली इतकी अरुंद की डोक्यावरच्या तारांतून ऊन खाली पोचत नव्हतं. हेमलताची खोली वरच्या मजल्यावर. ती आरशासमोर केस विंचरत होती. कुमुदताईंना बघून तिचा चेहरा उजळला.

"काकू! नीलाकाकूंनी केला का फोन?"

"नीलाचा काही संबंध नाही. मीच बोलले, हेमलता. कंपनीच्या फोनवर. तुझं कौतुक करत होते. उटण्याचं मीच सांगितलं."

हेमलताचा हात केसांतच थांबला.

"मागे घ्यायचा प्रयत्न केला काल. खोटंही बोलले. ते म्हणतात, तक्रार मागे घेता येते, कौतुक नाही."

तिनं कंगवा खाली ठेवला. मग एकदम उसळली. "आणि मला नीलाकाकूंवर सोडलंत? मी त्यांना काय काय बोलले! माझं गिऱ्हाईक होत्या त्या, काकू. ॲप नसतं तरी त्यांनी बोलावलं असतं मला. आता ते दारही बंद. तुमच्या एका शब्दावर मी... तुम्ही मोठ्या ऑफिसर म्हणून मी..." कुमुदताई खाली मान घालून ऐकत राहिल्या.

हेमलतानं पदरानं तोंड पुसलं. कॉटच्या कडेला बसली. मग निराळ्याच आवाजात म्हणाली, "नक्की काय म्हणालात हो माझ्याबद्दल?"

"जाऊ दे गं आता."

"नाही, सांगा. सगळं सांगा."

कुमुदताईंनी सांगितलं. हेमलतासारखी मुलगी शोधून सापडायची नाही, इथपासून सगळं. फोनवर ठणठणीत वाजलेले ते शब्द आता त्यांनी जमिनीकडे बघत एकेक करून म्हटले. हेमलता एकटक बघत होती. तिचे डोळे भरून आले.

"दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "कंपनीनं एकदाही सांगितलं नाही, की कुणी असं बोललं म्हणून. नुसते आकडे दिसायचे."

ती उठली. वेणी घातली, टिकली लावली. पार्लरच्या मालकिणीकडे जायचं होतं, जुनं काम परत मागायला. ती बाई वाकडी आहे, सोडून गेलेल्यांना परत घेत नाही, पण विचारून बघते, म्हणाली. कोपऱ्यात कंपनीची ती बॅग पडलेली होती. तिकडे तिनं बघितलंही नाही.

कुमुदताईंना राहवेना. त्या लगबगीनं तिच्या मागोमाग जिना उतरल्या. "हेमलता, थांब. मी येते बरोबर. मी तुझ्याबद्दल चार शब्द सांगते त्यांना, माझं वजन पडेल."

हेमलता गर्रकन वळली आणि तिनं हात जोडले. चेष्टा नव्हती त्यात, रागही नव्हता. होती ती भीती.

"नको काकू. पाया पडते तुमच्या. माझ्याबद्दल कुणाला काही चांगलं सांगू नका."

ती गल्लीतून भराभरा निघून गेली. कुमुदताई शेवटच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मागून कुणीतरी "आंटीजी, रास्ता दीजिए" म्हणालं, तेव्हा त्या भिंतीला लागून बाजूला झाल्या.